अर्धा पर

सप्टेंबरात तीन आठवडे ट्रेलरमध्ये बसून
मी पर कापते.
पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे,
करंगळीच्या नखाएवढा मऊ पर.
भुलीच्या पाण्यात पिल्लं निजलेली असतात.
मिनिटाला तेरा.
बोटांना एकच हालचाल पाठ आहे,
झोपेतही ती चालू असते, रॉयस म्हणतो.

ज्याला पर नाही तो आमचा:
सिमेंटच्या हौदातला, गोळ्या खाऊन वाढलेला,
घरी नेऊन खाण्याजोगा.
ज्याला पर आहे तो नदीचा.
त्याला पाण्यातच ठेवून गळ काढायचा,
तोंड प्रवाहाकडे धरायचं,
आणि तो आपणहून हातातून जाईपर्यंत
गुडघाभर बर्फगार पाण्यात थांबायचं.
एवढाच कायदा. तो मी कात्रीने लिहिते.

रॉयस माझा भाऊ. पुलाजवळ त्याचं अकरा खोल्यांचं मोटेल.
डिसेंबरात प्रत्येक दारावर रबरी विजारी वाळत असतात,
हीटरवर मोजे,
पहाटे चारला कॉफी मागणारी माणसं.
यंदा पाच खोल्या भरल्या.
"तुझे स्टीलहेड आले नाहीत तर मी टॉवेल कुणाचे धुऊ?"
मी आकडे सांगते: चाळीस हजार सोडले,
परतले तीनशे बारा.
"मग ऐंशी हजार सोडा."

एल्डन नदीच्या मुखाशी राहणाऱ्या टोळीचा,
तिच्या मत्स्यखात्यात नोकरीला.
तो वरच्या नदीतून पायी फिरतो
आणि माद्यांनी शेपटीने उकरलेली घरटी मोजतो.
गेल्या वसंतात एकेचाळीस.
"ऐंशी हजार तोंडं," तो म्हणतो,
"आणि नदीचं ताट तेवढंच."
त्याच्या चुलत्यांच्या जाळ्यातही आमचेच मासे येतात,
हेही तो म्हणतो. लपवत नाही.

माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही, खरं आहे.
आमच्यांना भ्यायला शिकवावं लागतं.
पाण्यावर सावली पडली
की नदीतली पिल्लं दगडाखाली जातात
आणि आमची वर येतात, तोंड उघडून.
त्यांच्या लेखी सावली म्हणजे मी,
बादली घेऊन आलेली.

फेब्रुवारीच्या शेवटी, बांधाच्या सापळ्यात,
एक मादी आली. अकरा पौंडांची.
आमचे मासे जानेवारीत संपतात,
ही आली नदीच्या माशांच्या वेळेला,
पोटात गच्च गाबोळी.
आणि पाठीवर
अर्धा पर.

दोन फाटकं असतात.
एक वरच्या नदीत उघडतं, एक ट्रककडे.
ओल्या हातमोज्यांत ती धडधडत होती
आणि मी मागे मोजत गेले:
दोन वर्षं समुद्रात, त्याआधी आमच्या हौदात,
म्हणजे तो सप्टेंबर,
जेव्हा माझ्या अंगठ्याला सात टाके होते
आणि माणसं कमी म्हणून मी तरीही बसले.
कात्री घसरली असणार.
अर्ध्या नखाएवढी.

"कापलेला की अख्खा?" एल्डनने वहीतून वर न बघता विचारलं.
मी बोलले नाही, तेव्हा त्याने बघितलं.
पाठीवरचा मोठा पर वाकडा, कडेला झिजलेला,
सिमेंटवर घासून घासून झिजतो तसा.
त्याला दिसलं. मला तर आधीच दिसलं होतं.
"अख्खा लिहू का?" तो म्हणाला.
थट्टा होती का, अजून कळलेलं नाही.

बेचाळिसावं घरटं.
तिथली पिल्लं सावली बघून वर आली असती
की खाली गेली असती?
की काही वर, काही खाली?

मी ट्रकचं फाटक उघडलं.

दुपारी एल्डनने ती टोळीतल्या म्हाताऱ्यांच्या जेवणाला नेली.
संध्याकाळी एक डबा माझ्या पायरीवर होता,
गाबोळी, धुरावलेली, नारिंगी.
मी आणि रॉयसने ती पावाबरोबर खाल्ली.
"चांगली आहे," तो म्हणाला, "अशा आणखी सोडा."

या सप्टेंबरात माझी मिनिटाला अकराच पिल्लं होतात.
मुकादम घड्याळ दाखवतो.
मी म्हणते, कात्री बोथट आहे.